पाण्याची वही : पुरंदरच्या माळापासून आपल्या पंपघरापर्यंत

स्मरणिका समितीने मला विषय दिला तो असा : “मॅडम, तुम्ही भूगोल शिकवायचात, तर आपल्या सोसायटीच्या पाण्याचा इतिहास लिहा.” मी कार्यालयातली सगळी दप्तरं काढून बसले. नोंदणी सन 2000 ची, कन्व्हेयन्स कधी झालं, लिफ्ट कधी बदलल्या, बाहेरचा रंग कितीदा दिला, सगळं तारीखवार सापडलं. पाण्याचं मात्र फक्त टँकरच्या बिलांचं बाड निघालं. पाणी कुठून येतं, किती उरतं, कधी आटतं, याची नोंद कार्यालयात नाही. ती आहे पंपघरात, खिळ्याला सुतळीने लटकवलेल्या एका लांबट वहीत. 2017 पासूनची. पाण्याचे डाग, ग्रीसचे ठसे, पाच-सहा जणांची अक्षरं. माझ्या मते पंचवीस वर्षांत आपण मिळून केलेलं ते सगळ्यात मोलाचं काम आहे. पण ही वही आपल्याला आकाशातून सुचलेली नाही. तिच्यामागे महाराष्ट्रातल्या बऱ्याच जणांचे कष्ट आहेत, म्हणून आधी थोडं मागे जाऊ.

शास्त्रज्ञ येण्याआधी

पाण्याचा हिशेब लोकांनी आपसात ठेवायचा, ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाणी सगळ्यांना एकाच वेळी आणि सारख्याच हिशेबाने लागतं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनी द्यायचा. यंदा पाणी किती आणि कोणता फड भिजवायचा, हे बंधाऱ्याकडे बघून ठरायचं. पुस्तकातलं शास्त्र नव्हतं, पण पिढ्यांची बारीक नजर होती.

आपल्या पुण्याची तऱ्हा वेगळी. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या दगडी नळातून पाणी शहरातल्या हौदांपर्यंत आणलं. पुढे इंग्रजांनी खडकवासल्याचं धरण बांधलं. काम दोन्ही वेळेला उत्तम झालं, पण त्यातून शहराला एक सवय लागली : पाणी लांबून येतं, ते आणणं सरकारचं काम, आणि आपलं काम नळ सोडण्याचं. पायाखाली काय आहे हे बघायची गरजच उरली नाही. ती गरज आपल्यासारख्या उपनगरांना पुन्हा पडली, कारण इथे आधी फ्लॅट आले आणि नळ नंतर आला.

बहात्तरचा दुष्काळ आणि मोजमापाचा माणूस

माझ्या वयाच्या लोकांना 1972 आठवतं. मिलो, सुकडी, आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसं. त्या काळात पुण्यातले एक उद्योजक पुरंदर तालुक्यातली दुष्काळी कामं बघायला गेले. विलासराव साळुंखे. ते इंजिनिअर होते आणि त्यांच्या कारखान्यात अचूक मोजमापाची उपकरणं बनत. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. केसाच्या जाडीपेक्षाही बारीक फरक मोजणाऱ्या माणसाला दिसलं काय, तर हजारो माणसं राबताहेत, पण या डोंगरावर पाऊस किती पडतो, त्यातला किती वाहून जातो आणि किती अडवता येईल, हे कुणी मोजतच नाही.

1974 मध्ये त्यांनी नायगावच्या देवस्थानाची 40 एकर पडीक जमीन खंडाने घेतली. समतल बांध घातले, पाझर तलाव केला, त्याच्या खालच्या अंगाला विहीर खणली. माळावर धान्य उभं राहिलं. इथपर्यंतची गोष्ट एका हुशार इंजिनिअरची आहे. खरी गंमत पुढे आहे. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी म्हणाले, आमच्याकडेही करा. तेव्हा प्रश्न बांध घालण्याचा उरला नाही, अडवलेलं पाणी कुणाचं हा झाला. याचं उत्तर कुठल्याही इंजिनिअरिंगच्या पुस्तकात नव्हतं. ते गावकऱ्यांबरोबर बसूनच काढावं लागलं.

त्यातून 1979 च्या सुमारास पाणी पंचायतीचे नियम आकाराला आले. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या मापाने द्यायचं : माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लोकांनी आधी स्वतः भरायचा. आणि पाणी वाटायला पुन्हा पाटकरी नेमायचा.

हे नियम नीट बघा. “या पाण्यात किती एकर भिजेल” हे आकडेमोडीतून येतं. “ते कुणाचे एकर” हे चावडीवरच्या भांडणातून येतं. एकटा इंजिनिअर पहिलं सांगू शकला असता, पण दुसऱ्याशिवाय त्याचा आकडा कागदावरच राहिला असता. एकट्या गावाने दुसरं ठरवलं असतं, पण पाणी किती ते माहीत नसताना वाटप म्हणजे अंदाजपंचे.

सगळ्या योजना पुढे टिकल्या असं मात्र नाही. काही बंद पडल्या, आणि उसाचा मोह तर सगळ्या महाराष्ट्रालाच सुटला नाही. साळुंखे 2002 मध्ये गेले. पण “पाणी मोजा आणि माणशी वाटा” हा विचार त्यांनी रुजवला तो राहिलाच.

हिवरे बाजारचा फळा

त्याच दशकात राज्य सरकारने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी केली. भूशास्त्रज्ञ गावोगाव फिरून विहिरींच्या पाण्याची पातळी घेऊ लागले. आज राज्यात त्यांच्या साडेतीन हजारांहून जास्त निरीक्षण विहिरी आहेत आणि वर्षातून चार वेळा त्यांची मोजणी होते. फार मोठं काम आहे. अडचण एकच होती. मोजणी व्हायची गावात आणि आकडा जायचा जिल्ह्याच्या कार्यालयात. ज्याच्या विहिरीत टेप सोडली, त्याला त्या आकड्याचं काय झालं ते कळायचं नाही. तो आपला पुन्हा पाच फूट खोल जायचा.

नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या, हिवरे बाजारने हा आकडा गावात परत आणला. पोपटराव पवार तिथे सरपंच झाले त्यानंतर गावाने आधी डोंगरावर चर खणले, चराईबंदी केली, झाडं लावली. पुढे यंत्रणेच्या तज्ज्ञांची मदत घेऊन गाव स्वतः पाऊस आणि ठरावीक विहिरींची पातळी मोजू लागलं. पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी माणसांचं पिण्याचं पाणी, मग गुराढोरांचं, आणि उरेल त्यावर रब्बीत काय लावायचं ते ठरवायचं. पाऊस कमी झाला तर पीकही कमी. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, हे नियम गावाने आधीच केले होते.

हा भाग पाऊस कमी पडणाऱ्या पट्ट्यातला. तिथे हे चाललं याचं कारण हिशेब बरोबर होता एवढंच नाही. ज्याने स्वतः विहिरीत टेप सोडली, तो ग्रामसभेत “आकडा खोटा आहे” असं म्हणू शकत नाही, हेही कारण आहे. पुण्याहून आलेल्या साहेबाने हाच आकडा सांगितला असता तर लोकांनी चहा पाजून त्याला एसटीत बसवून दिलं असतं.

आंध्रातल्या वह्या

शेजारच्या आंध्र प्रदेशात 2003 नंतर हेच काम फार मोठ्या प्रमाणावर झालं. सात दुष्काळी जिल्ह्यांत, सहाशेहून जास्त वस्त्यांवर शेतकरी बाया-माणसांना पर्जन्यमापक आणि पातळी मोजायची साधनं दिली. वापरायचं कसं ते तज्ज्ञांनी शिकवलं. रब्बीच्या आधी लोक एकत्र बसून “जमा पाणी इतकं, खर्चाचा बेत इतका” असा हिशेब करत. भाताऐवजी भुईमूग घ्या, असा हुकूम कुणी काढला नव्हता, अनुदानही नव्हतं. तरी बऱ्याच जणांनी कमी पाण्याची पिकं घेतली, कारण तूट त्यांना स्वतःच्या हिशेबात दिसली होती.

पण प्रकल्पाची मुदत संपली, पैसा थांबला, आणि नंतरच्या पाहणीत काही गावांत मोजणी बंद पडल्याचं दिसलं. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. वही सुरू करणं सोपं असतं. मदतीला आलेला माणूस निघून गेल्यावर ती लिहायची कुणी, हा खरा प्रश्न. लेखाच्या शेवटी मी पुन्हा त्याच प्रश्नावर येणार आहे.

पुढे 2019 च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने अटल भूजल योजना सुरू केली. महाराष्ट्रासह सात राज्यांत गावाने स्वतः पाण्याचा ताळेबंद करायचा, असं तिचं सूत्र ठरलं. म्हणजे पुरंदरच्या माळावर आणि हिवऱ्याच्या ग्रामसभेत जे घडलं, ते आता सरकारी धोरणात आलं. शहरातल्या सोसायट्यांसाठी मात्र असं काही नाही. आपलं आपल्यालाच करावं लागलं.

आपल्या गल्लीत काय झालं

जुन्या सभासदांना आठवत असेल, आपली पहिली बोअर 210 फुटांची. ती पाचेक वर्षं चांगली चालली. मग उन्हाळ्यात ओढू लागली, म्हणून दुसरी घेतली, 340 फुटांची. तीही चार उन्हाळ्यांत ओढू लागली. मग टँकर. शेजारच्या तिन्ही सोसायट्यांची हीच कथा. प्रत्येकाला वाटायचं, आपली बोअर आटली कारण पलीकडच्यांनी नवीन मारली. पलीकडच्यांना आपल्याबद्दल तेच वाटायचं. 2016 च्या उन्हाळ्यात टँकर कुणाच्या फाटकातून आधी आत जाणार यावरून झालेलं भांडण सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात जात नाही.

2017 मध्ये एका महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाचे विद्यार्थी आणि त्यांचे सर आपल्या भागात अभ्यासाला आले. त्यांना गल्लीतल्या सहा बोअरची पातळी वर्षभर हवी होती. समितीत दोन मतं झाली. “ही मुलं मोजतील, प्रबंध लिहितील आणि जातील, आपल्याला काय?” हे एक. ते अगदीच चुकीचं नव्हतं. शेवटी अट घातली गेली : मोजणी आमच्या माणसांबरोबर करायची, आणि प्रत्येक आकडा आधी आमच्या वहीत लिहायचा, मग तुमच्या. सरांना ती अट आवडली. वहीचा जन्म हा असा.

त्या वर्षात कोण कुणाला काय शिकवत होतं हे सांगणं अवघड आहे. विद्यार्थ्यांनी आम्हाला खडक शिकवला. दख्खनचं पठार म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेला दगड. वाळूत मुरतं तसं पाणी यात सगळीकडे मुरत नाही. वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांमधल्या सांध्यात ते राहतं. खाली अखंड कातळ लागला तर कितीही खोल जा, हाती दगडाची भुकटी येते.

आपले पंपवाले मामा 2003 पासून इथे आहेत. ते खात्रीने म्हणायचे की पाचशे फुटांवर “पाताळाचं पाणी” आहे आणि ते संपत नाही. विद्यार्थ्यांनी त्यांना समजावलं की खाली थर लागेलही, पण त्यात भरणारं पाणी वरूनच जाणार. शिवाय खोल बोअरमध्ये पुष्कळदा वरच्याच थराचं पाणी गळून खाली जातं, आणि शेजाऱ्याची उथळ बोअर कोरडी पडते. विहिरीत दोर लांब सोडला म्हणून विहिरीतलं पाणी वाढत नाही, असं मामाच मग सगळ्यांना सांगू लागले.

उलटही झालं. छतावरचं पाणी मुरवण्यासाठी शोषखड्डा कुठे घ्यायचा याचा नकाशा विद्यार्थ्यांनी केला, तो मुख्य फाटकाजवळचा. मामा म्हणाले, “तिथं पाणी जिरत नाही. पावसाळ्यात आठ-आठ दिस डबकं हटत नाही.” खणून बघितलं तर चार फुटांवर कातळ. मग ही जमीन पूर्वी ज्यांची होती त्या कुटुंबातल्या आजींना विचारलं. त्यांनी येऊन सी विंगच्या पार्किंगमधली जागा दाखवली. तिथे त्यांची मोटेची विहीर होती, ती शिमग्यापर्यंत टिकायची, बांधकामाच्या वेळी बुजवली. शोषखड्डा त्या विहिरीजवळ घेतला. पहिल्याच पावसाळ्यात जोरदार सरीचं पाणी तासा-दोन तासांत जिरताना आपण सगळ्यांनी पाहिलं. भूशास्त्राचं पुस्तक, मामांची नजर आणि आजींची आठवण, यातली एक गोष्ट जरी नसती तरी तो खड्डा चुकीच्या जागी झाला असता.

सगळ्यात मोठी गोष्ट वर्ष संपल्यावर कळली. सहाही बोअरचे आकडे एका कागदावर मांडले, तेव्हा चार सोसायट्यांच्या पातळ्या जवळजवळ एकत्र खाली-वर होताना दिसल्या. आपला पंप सकाळी तीन तास चालला की पलीकडच्यांचं पाणी उतरतं, आणि त्यांचा चालला की आपलं. म्हणजे आपण चार घरं एकाच रांजणातून पाणी पितो आहोत. पुढच्या आठवड्यात चारही सोसायट्यांचे चेअरमन आपल्या हॉलमध्ये एकत्र बसले. पंपांच्या वेळा वाटून घेतल्या. नवीन बोअर कुणीही एकमेकांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही, असं ठरलं.

छतावरचा हिशेब

मुलांसाठी एक सोपं गणित देते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. आपल्या चार इमारतींच्या गच्च्या मिळून सुमारे 1500 चौरस मीटर. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस धरा. गुणाकार करा : 10 लाख 50 हजार लिटर. त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं तरी 8 लाख 40 हजार लिटर उरतात, म्हणजे दहा हजार लिटरचे 84 टँकर. हे सगळं पाणी आपल्याच बोअरमध्ये येत नाही, ते रांजणात जातं आणि रांजण चौघांचा आहे. म्हणून शेजाऱ्यांनीही आपापले शोषखड्डे केले, ही आनंदाची गोष्ट.

टँकर पूर्ण थांबले असा माझा दावा नाही. कमी पावसाच्या वर्षी ते येतातच. पण आता ते कधी लागतील हे आपल्याला जानेवारीतच वहीवरून कळतं, आणि त्याप्रमाणे बाग आणि गाड्या धुण्याचं पाणी आधीच आवरता येतं.

वही कुणी लिहायची?

आता आजची गोष्ट. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे तिसऱ्या, 600 फुटांच्या बोअरचा प्रस्ताव आहे. प्रस्ताव मांडणाऱ्यांची अडचण खरी आहे. वरच्या मजल्यांवर मे महिन्यात पाण्याचे हाल होतात, घरात म्हातारी माणसं असतात. त्यांना नुसतं “नाही” म्हणणं हे उत्तर नव्हे. पण निर्णय घेण्याआधी प्रत्येकाने पंपघरात जाऊन आठ वर्षांची वही चाळावी, आणि चार सोसायट्यांमध्ये झालेलं बोलणं आठवावं, एवढीच माझी विनंती आहे. ही बोअर घेतली तर ती आपल्या एकट्याच्या पैशाने होईल, पण पाणी चौघांचं ओढेल.

दुसरी गोष्ट. मामा येत्या दिवाळीनंतर गावी जाणार आहेत, बावीस वर्षांच्या नोकरीनंतर. गच्चीवरच्या पर्जन्यमापकाची नोंद ठेवणारे ए विंगमधले आपले ज्येष्ठ सभासद आता मुलाकडे बंगलोरला असतात. महाविद्यालयाचे विद्यार्थी केव्हाच नोकरीला लागले. मार्चपासूनची वहीची पानं बघितली तर मध्ये मध्ये आठवडे कोरे दिसतात. आंध्रातल्या गावांत जे झालं ते असंच हळूहळू झालं असणार.

काम फार नाही. रविवारी सकाळी पंप सुरू होण्याआधी टेप सोडायची, पाण्याला लागली की ती वाजते, फूट लिहायचे, सही करायची. दहा मिनिटं. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला मापकातला पाऊस बघायचा. त्यासाठी भूशास्त्र यावं लागत नाही. नववी-दहावीतल्या मुलामुलींनी केलं तर उत्तमच, मी शिकवायला तयार आहे. मामा जाण्याआधी दोन रविवार त्यांच्याबरोबर उभं राहिलं, तर वहीत न लिहिलेलंही बरंच काही कळेल.

नावं द्यायला कार्यालयात कागद लावला आहे. बारा कुटुंबं मिळाली तर एका घराच्या वाट्याला वर्षातून चार-पाच रविवारच येतात. हे लिहीपर्यंत सात नावं आली आहेत.